अंध वाचक आणि मराठी संकेतस्थळे

संकेतस्थळ डोळ्यांनीच वाचले जाते, असा आपला समज असतो. अंध बंधुभगिनी ते कानांनी वाचतात. ‘स्क्रीन रीडर’ नावाची आज्ञावली पृष्ठावरील मजकूर त्यांना उच्चारून दाखविते. ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य आज्ञावली २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने लिहावयास घेतली. आज ती मराठीही वाचते.

मराठीची अडचण मात्र निराळी आहे. पूर्वी अनेक पृष्ठे ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’ अशा फॉन्टांत टंकित होत. पडद्यावर मराठी दिसे, आत साठविलेली अक्षरे रोमन असत. यंत्राच्या तोंडून निरर्थक ध्वनी बाहेर पडत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी न बदललेली जुनी पृष्ठे अंधांना आजही बंदच आहेत. पृष्ठाची भाषा ‘एमआर’ या संकेताने नोंदविणेही अगत्याचे आहे. हिंदी आवाज लागला तर २५ चे ‘पच्चीस’ होते!

सर्वांत घातक सवय म्हणजे कागदाचे छायाचित्र काढून तेच प्रसिद्ध करणे. आमच्या वणी परिसराचे उदाहरण घेऊ. हा कोळशाचा मुलूख. १९५७ च्या कोळसाक्षेत्र अधिनियमानुसार कलम ७ ची अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांत जमीनधारकास हरकत घेता येते. ती सूचना केवळ चित्ररूपात असेल, तर अंध शेतकऱ्याचे यंत्र मुके राहते आणि दिवस मात्र सरत जातात. अक्षररूप मजकूर सोबत दिला की प्रश्न मिटतो. इतर छायाचित्रांना दोन ओळींचे पर्यायी वर्णन पुरे.

मथळे नुसते ठळक न करता मथळा म्हणूनच नोंदवावेत. वाचक ‘एच’ कळीने एकावरून दुसऱ्यावर जातो. ‘येथे क्लिक करा’ असे दहा दुवे ऐकणाऱ्यास काहीच सांगत नाहीत. मंददृष्टी वाचकांसाठी अक्षर व पार्श्वभूमी यांतील रंगभेद किमान ४.५ : १ असावा. कर्णबधिरांसाठी चित्रफितीला मथळपट्टी हवी.

हा केवळ सौजन्याचा विषय राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा असून, ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगमता ही जीविताच्या हक्काचाच भाग मानली.

आपल्या पृष्ठाची परीक्षा घ्यावयाची असल्यास माऊस बाजूला ठेवावा आणि केवळ ‘टॅब’ कळीने शेवटच्या दुव्यापर्यंत जाऊन पाहावे.