कुंकू काळं, चेहरा मऊ

भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीकडच्या जुन्या घरांत बैठकीच्या भिंतीला कलत्या टांगलेल्या फ्रेमा अजून सापडतात. कुटुंबाच्या त्या फोटोंतलं कुंकू बहुधा काळं असतं. रंगाचा तो दोष काचेच्या प्लेटचा. ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला लाल रंग दिसतच नसे, म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. त्याच गुणामुळे वांग, मुरमांचे डाग, डोळ्यांखालची काळजी, सगळंच जास्त गडद उमटायचं आणि सावळा माणूस आणखी सावळा दिसायचा. असा चेहरा बघायला कोण पैसे मोजणार? म्हणून फोटोतला चेहरा मऊ करणं भागच होतं.

युरोपात मात्र हा मऊपणा हौसेचा होता. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमरून यांना १८६३ मध्ये लेकी-जावयानं कॅमेरा भेट दिला. त्यांच्या धूसर चेहऱ्यांची तेव्हाच्या जाणकारांनी थट्टा केली. पुढे ऑस्ट्रियन हाइनरिख क्यून यांच्या प्रयोगांतून चाळणीसारख्या चकत्या लावायचं ‘इमॅगॉन’ भिंग निघालं, ते १९३० च्या दशकात बाजारात आलं. पैसे मोजून विकत घ्यायचा मऊपणा तो.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या हिंदी फोटोग्राफरांपैकी. एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही निघाला. पण तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओला ना इमॅगॉन परवडायचं ना महागडे दिवे. त्याच्याकडे उत्तरेची खिडकी असायची आणि उजेड मऊ करायला तिला लावायचं पांढरं मलमल.

मोहाडी-आंधळगावचा रेशमी कोसा जवळच विणला जातो, तरी तो खिडकीच्या या कामाचा नव्हता. त्याचा मधाळ पिवळा रंग निळा उजेड खातो, आणि जुन्या प्लेटला हवा असायचा नेमका तोच. मागचा पडदा बहुधा रंगवलेला, महाल-कारंज्याचा. झाडीपट्टीच्या नाटकांना जाणाऱ्या माणसाला तो ओळखीचाच वाटायचा. कुटुंब पडद्यापासून थोडं पुढे बसवलं की महाल आपोआप विरघळायचा. फुकटचा फायदा.

खरी किमया मात्र पेन्सिलीची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं: सुरकुती म्हणजे तिथे पारदर्शक रेघ. रिटचिंग करणारा प्लेट तिरप्या डेस्कवर ठेवायचा, खालून आरशानं उजेड द्यायचा, शिसं धरावं म्हणून वर पातळ चिकट वार्निश चोळायचा. मग सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं स्वल्पविरामाएवढे बारीक फटकारे मारून ती रेघ भरायची. तेवढी जागा घट्ट झाली की छपाईत ती उजळते. हात जड पडला तर आजोबांचा चेहरा चिनी मातीचा व्हायचा, आणि असे आजोबा पुष्कळ भिंतींवर आहेत! चांगला कारागीर नाकाजवळची घडी अर्धीच भरायचा. माणूस ओळखू यायला हवा ना.

कधी मऊपणा मागितलेलाच नसे. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की लग्नाच्या ग्रुप फोटोतला त्याचा मसुराएवढा चेहरा मोठा करायचा, कारण दुसरा फोटोच नसायचा. एवढा ताणल्यावर धूसरपणा येणारच. मग डोळे, मिशी, टोपीची कड हातानं रंगवून पुरी करायची. हार घालायच्या कित्येक फोटोंतली ती स्वप्नाळू छटा अशी नाइलाजाची आहे.

एनलार्जर असलेल्यांची आणखी एक युक्ती म्हणजे त्याच्या भिंगाखाली बायकांचा नायलॉनचा पायमोजा ताणून धरणं. इथे मात्र गफलत व्हायची. फोटो काढताना कॅमेऱ्यापुढे जाळी धरली तर उजेड सावलीत पाझरतो आणि चेहरा उजळ भासतो. छापताना धरली तर उलट काळं पांढऱ्यात पसरतं. पांढऱ्या धोतराच्या कडेला धुरकट मळ दिसू लागला, तर समजावं की जाळी छापताना लावली आहे. म्हणून ती अर्ध्या वेळापुरतीच धरायची पद्धत.

नंतर बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री घराघरांत गेला. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, साधं भिंग, आणि कडांना विनासायास मऊपणा. पुढे ३५ मिलिमीटरची रंगीत फिल्म आली, तिची निगेटिव्ह जेमतेम २४ बाय ३६ मिलिमीटरची. एवढ्याशा चेहऱ्यावर पेन्सिल टेकवणार कुठे? मग लग्नाच्या फोटोग्राफरांनी काचेच्या फिल्टरवर व्हॅसलिन फासायला सुरुवात केली: मधोमध पैशाएवढी जागा कोरडी, भोवती बोटानं गोल फिरवलेला पातळ थर. भिंगावर थेट लावायचं नाही, ही ताकीद नव्या पोऱ्याला पहिल्याच दिवशी मिळायची.