एका दगडफुलाची दोन नावं

आमच्याकडे गोडा मसाला करायचा म्हटलं की दगडफूल निवडायचं काम माझ्याकडे यायचं. काळपट, कुरकुरीत पापुद्रे आणि त्यांत अडकलेले सालीचे तुकडे. दगडाचं फूल, तर मग साल कुठून आली? हा साधा प्रश्न मला कित्येक वर्षं पडलाच नाही. मसाल्यातलं दगडफूल बहुतेक वेळा झाडांवर वाढतं. ते फूलही नव्हे. बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार, म्हणजे लायकेन.

याच्याच एका दुर्मीळ भाऊबंदाची ही गोष्ट. १९०२ साली कॅनडातल्या कॅम्पोबेलो बेटावर अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम फार्लो यांनी त्याचा नमुना गोळा केला. १९११मध्ये ह्यू या फ्रेंच धर्मगुरूंनी त्याला नाव दिलं, ‘पॅनॅरिया पेडिसेलाटा’. पुढे अटलांटिकपलीकडे, स्वीडनच्या सूचिपर्णी जंगलात मिळालेलं एक लायकेन स्टेन आह्लनर यांनी १९४८मध्ये नवी जात म्हणून जाहीर केलं, ‘एरिओडर्मा बोरिआले’. ही दोन्ही एकच आहेत, हे नॉर्वेच्या पेर मॅग्नस यॉर्गेन्सेन यांनी दाखवलं १९७२मध्ये! तेव्हापासून नाव ‘एरिओडर्मा पेडिसेलाटम’.

नावाचा घोळ म्हणजे पंडितांची हौस, असं मलाही वाटायचं. पण दोन खाती एक झाल्यावरच खरा हिशेब दिसला: कॅम्पोबेलोवरून ते गेलेलं, स्वीडनमधूनही गेलेलं. २००३मध्ये ते जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदलं गेलं.

ओळखायचं कसं? वाळल्यावर राखाडी, भिजल्यावर निळसर. वर बारीक लव, तांबूस ठिपके. कडा वर वळलेल्या, त्यामुळे खालची पांढरी बाजू किनारीसारखी दिसते.

न्यूफाउंडलंड आणि नोव्हा स्कॉशियात ते मुख्यतः बाल्सम फर झाडांवर, दमट गारव्यात टिकून आहे. (पुढे अलास्कातही सापडलं, तेवढाच दिलासा.) आम्लवर्षा त्याला सोसत नाही. नोव्हा स्कॉशियाच्या सरकारी जंगलात अशा झाडाभोवतीचा पट्टा तोडीतून वगळतात. पण झाड म्हातारं होऊन पडलं की लायकेनही संपतं. त्याला शेजारी दुसरं फर लागतं. आणि न्यूफाउंडलंडमध्ये १९०४ साली बाहेरून चार मूस आणून सोडले होते. त्यांची प्रजा आता बेटभर आहे, आणि फरची कोवळी रोपं हा त्यांचा आवडता चारा.