कुलूप, किल्ली आणि विश्वस्त
(चांदा-गडचिरोलीच्या इतिहासातील रक्षणाची काही पाने)

मनुष्याने संग्रह करण्यास आरंभ केला, त्याच दिवशी त्याच्या मनात संग्रहाच्या रक्षणाची चिंताही उत्पन्न झाली असावी. प्रारंभी दारामागे आडवा लाकडी दांडा सरकवणे एवढाच त्यावरचा उपाय होता. संस्कृतातील ‘अर्गला’ हीच मराठीतील आगळ अथवा अडसर. आगळ आतून लागते, म्हणजे ती लावणारा घरातच असावा लागतो. घर बंद करून बाहेर जावयाचे असेल तर कडी-कोयंड्यात अडकविता येईल आणि आपल्याशिवाय इतरांस उघडता येणार नाही असे साधन हवे. ती गरज कुलपाने भागविली. ‘कुलूप’ हा शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून आपल्याकडे आला, ‘चावी’ पोर्तुगीजांनी दिली, आणि विदर्भातील बोलीत आजही सर्रास ‘ताला’ म्हणतात. एवढ्याशा वस्तूच्या नावांतच व्यापार, राज्यसत्ता आणि प्रवास यांचा इतिहास साठलेला आहे.

वर्धा आणि वैनगंगा या नद्यांच्या प्रदेशात, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत, रक्षणाची जेवढी विविध रूपे आढळतात तेवढी क्वचितच अन्यत्र आढळतील. एकीकडे दगडी तटाचे राजनगर, तर दुसरीकडे कुलपाची फारशी गरज न भासलेली अरण्यातील गावे. या दोहोंचा इतिहास एकत्र पाहिला म्हणजे एक प्रश्न वारंवार समोर येतो : वस्तू सुरक्षित राहते ती कुलपाच्या बळावर, की किल्ली सांभाळणाऱ्याच्या सचोटीवर?

चार दरवाजे आणि पाच खिडक्या

चंद्रपूरच्या परकोटाची पायाभरणी गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या काळी झाली आणि पुढे धुंड्या रामशहाच्या काळी तो पूर्णत्वास गेला, असे परंपरा सांगते. उत्तरेस जटपुरा, दक्षिणेस पठाणपुरा, पूर्वेस अंचलेश्वर व पश्चिमेस बिनबा असे चार दरवाजे आणि त्यांखेरीज पाच खिडक्या या तटास आहेत. हत्तीवर आरूढ सिंह हे गोंड राजचिन्ह दरवाजांवर कोरलेले आहे. खिडक्यांची नावेही बोलकी आहेत : बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, मसण खिडकी आणि चोर खिडकी. शेवटचे नाव विशेष लक्षात राहते. ज्या नगराने स्वतःभोवती एवढा भक्कम तट उभारला, त्याच्या तटातील एका वाटेस लोकांनी चोराचे नाव द्यावे, यात एक प्रकारचे शहाणपण आहे. तट कितीही उंच असो, वाट कोठेतरी ठेवावीच लागते आणि त्या वाटेवर माणूसच उभा करावा लागतो.

तटबंदीची कसोटी दोनदा लागली. पहिली अठराव्या शतकाच्या मध्यास. त्या वेळी नीलकंठशहा हा चांद्याचा राजा होता. राजा आणि त्याचे अधिकारी यांच्यातील विश्वास आधीच ढासळलेला होता. नागपूरकर रघूजी भोसल्यांनी या असंतोषाचा लाभ घेतला आणि १७५१ साली राज्य भोसल्यांच्या हाती जाऊन गोंड राजवंशाची सत्ता संपुष्टात आली. दगड जागच्या जागी होते, विश्वास मात्र उरला नव्हता.

दुसरी कसोटी १८१८ सालची. आप्पासाहेब भोसले आणि इंग्रज यांच्या संघर्षात कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने चांद्यास वेढा दिला. दरवाजे बंद होते आणि किल्लेदार गंगासिंग याने शर्थीने लढा दिला. तथापि तोफांच्या माऱ्याने तटास खिंडार पडले आणि २० मे १८१८ रोजी इंग्रज नगरात शिरले. गंगासिंग धारातीर्थी पडला. शत्रू दाराने न येता भिंत फोडून आला, तेव्हा दारे बंद असूनही उपयोग झाला नाही.

लंडनचे पैजेचे कुलूप

योगायोग असा, की ज्या १८१८ साली चांद्याचा तट फुटला, त्याच साली इंग्लंडात कुलपाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा शोध लागला. आदल्या वर्षी पोर्टस्मथच्या सरकारी गोदीत खोट्या किल्ल्या वापरून चोरी झाली होती. जी स्वतःच्या किल्लीखेरीज कशानेही उघडणार नाही अशी कळ बनविणाऱ्यास सरकारने बक्षीस जाहीर केले. जेरेमाया चब याने बनविलेल्या कुलपाचे वैशिष्ट्य असे, की त्यात खोटी किल्ली फिरविली तर आतील कळ अडकून बसे. मालक आपली किल्ली लावू लागला की ती लागलीच उघडत नसे आणि कोणीतरी हात घातला होता हे त्यास कळे. चोरास अडविणे आणि चोरीच्या प्रयत्नाची वार्ता देणे, ही दोन्ही कामे हे कुलूप करी.

त्यापूर्वी जोसेफ ब्रामा याने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडून, ते किल्लीशिवाय उघडणाऱ्यास २०० गिनींचे इनाम १७९० मध्ये लाविले होते. साठ वर्षे ते कोणासही साधले नाही. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनाच्या वेळी आलेल्या आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कारागिराने मात्र चबचे कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले आणि ब्रामाचेही कित्येक दिवसांच्या खटपटीनंतर उघडून दाखविले. ‘अभेद्य कुलूप’ या कल्पनेस त्या वर्षी मोठा धक्का बसला. कुलूप चोराचा वेळ खाते, आणि त्या वेळात कोणीतरी जागे असावे लागते, एवढेच खरे ठरले.

आपल्या देशी कारागिरांचे ज्ञानही कमी नव्हते. जुन्या पद्धतीच्या एका कुलपात दांडीस पोलादी पात्या बसविलेल्या असत. दांडी पेटीत सारली की पात्या आत फाकत आणि दांडी अडकून बसे. किल्ली सरकवून पात्या दाबल्या म्हणजे ती सुटे. दुसऱ्या एका प्रकारात किल्ली मळसूत्राप्रमाणे फिरवून आत बाहेर करावी लागे. पुढे अलिगढ व दिंडिगल ही कुलपांची मोठी केंद्रे झाली. मुंबईत लालबाग येथे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला आणि स्वदेशी कुलूप विलायती कुलपाच्या तोडीस तोड ठरू शकते हे सिद्ध केले. आगगाडी आणि आठवडी बाजार यांच्या वाटेने कारखान्यातील कुलपे हळूहळू दूरदूरच्या घरांपर्यंत पोहोचली.

अरण्यातील उघडी दारे

परंतु वैनगंगेपलीकडच्या अरण्यात दृश्य निराळे होते. गोंड-माडिया समाजाच्या अनेक गावांत घराचे दार म्हणजे बांबूची ताटी. घरचे लोक शेतावर अथवा जंगलात गेले की ती ओढून घ्यायची, ती प्रामुख्याने कुत्री-शेळ्या आत शिरू नयेत म्हणून. घरातील मुख्य ठेवा धान्याचा, आणि तो शेणामातीने लिंपलेल्या कणगीत असे. मोहाच्या कोणत्या झाडाखालील फुले कोणत्या घराने वेचावयाची, हे कोठेही लिहिलेले नसते, परंतु गावास ते ठाऊक असते. झाडास कुलूप लावता येत नाही. त्याचे रक्षण गावाच्या स्मरणशक्तीवर आणि लोकलज्जेवर चालते.

यावरून अरण्यवासी समाज अगदी निष्पाप होता, असे भाबडे चित्र रंगविण्याचे कारण नाही. संग्रह थोडा, सर्वांची ओळख सर्वांशी, आणि चोरलेली वस्तू लपविण्यास जागा नाही, अशी ती परिस्थिती होती. रोख पैसा, दूरचा व्यापारी आणि अनोळखी पाहुणा आला की कुलूपही मागोमाग येते. तेंदूपानांच्या हंगामात भरलेल्या पोत्यांच्या गोदामास आज त्याच गावांत कुलूप असते, आणि ते असणे योग्यच आहे.

जंगलाची किल्ली

या प्रदेशात एक मोठे कुलूप लागले, ते डोळ्यांस न दिसणारे. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांपासून सरकारने अरण्ये राखीव करण्यास प्रारंभ केला. १९२७ च्या कायद्याने ती व्यवस्था दृढ केली. लाकडावर हातोड्याचा ठसा, नाक्यावर आडवा दांडा आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक, ही या कुलपाची अंगे. परवाना नसेल तर तोडलेला बांबू गावाबाहेर नेता येत नसे. अरण्याचे रक्षण हा हेतू महत्त्वाचाच होता, परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्या जंगलात राहिले त्याच जंगलाची किल्ली गावकऱ्यांच्या हाती राहिली नाही.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने हा प्रश्न शांततेने आणि चिकाटीने हाती घेतला. ‘दिल्ली-मुंबई आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सर्वश्रुत आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात तेथे अभ्यासगट चालले आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत रुजली. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मान्य झाला. त्या कायद्याने बांबूस गौण वनोपज म्हटले होते. तरीही परवान्याचे पुस्तक वनखात्याकडेच होते. हक्काचा कागद हाती आला, परंतु किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी ही स्थिती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले.

किल्ली मिळाल्यावर जबाबदारीही आली. किती बांबू तोडावा, कोणता राखावा, विक्रीचा पैसा कोठे ठेवावा, हिशेब कोणी पाहावा, हे आता गावासच ठरवावे लागले. २०१३ साली गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला, म्हणजे जमिनीच्या बाबतीतही एकट्याच्या किल्लीऐवजी सर्वांची किल्ली स्वीकारली. जंगलाभोवती भिंत नाही, पण ज्याचे ते आहे त्या गावाची त्यावर नजर आहे.

दोन किल्ल्यांचा नियम

शासनव्यवहारानेही अनुभवांती हाच धडा घेतला आहे. सरकारी कोषागाराच्या भक्कम खोलीस दुहेरी कुलूप असते आणि त्याच्या किल्ल्या दोन भिन्न व्यक्तींकडे असतात. दोघेही उपस्थित झाल्याखेरीज दार उघडत नाही. बँकेच्या लॉकरलाही ग्राहकाची एक आणि बँकेची एक अशा दोन किल्ल्या लागतात. गडचिरोलीच्या दुर्गम केंद्रांवरून प्रसंगी हेलिकॉप्टरने आणलेली मतदानयंत्रे ज्या खोलीत ठेवतात, तेथेही दुहेरी कुलूप आणि मोहोर असते. उमेदवारांच्या प्रतिनिधींना आपली मोहोर लावण्याची मुभा असते. एकाच्या प्रामाणिकपणाविषयी संशय म्हणून ही योजना नाही. प्रामाणिक मनुष्यावर उद्या खोटा आळ येऊ नये, हेही तिचे प्रयोजन आहे.

धार्मिक संस्थांस हा विषय अधिकच जवळचा आहे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने, ज्यास २०१२ पासून ‘महाराष्ट्र’ हे नाव लाभले, विश्वस्तांवर हिशेब ठेवण्याचे आणि त्याची तपासणी करविण्याचे बंधन घातले. जैन परंपरेने मात्र कायद्याच्या कितीतरी पूर्वी ही जाणीव दिली होती. देवद्रव्य अन्य कामी वापरणे तिने दोषास्पद मानले. अचौर्यव्रताचा विचार करताना तिने केवळ घरफोडीस चोरी म्हटले नाही. न दिलेली वस्तू घेणे हीच तिने चोरी मानली, आणि चोरास प्रोत्साहन देणे, चोरीचा माल स्वीकारणे, मापात कमी-अधिक करणे आणि भेसळ करणे, हेही तिने अतिचारांत गणले. कुलूप यांपैकी एकाही दोषास अडवू शकत नाही. ते दाराबाहेरच्या चोरापुरते आहे. तराजूमागे बसलेल्याचे अथवा किल्ली हाती असलेल्याचे काय, हा प्रश्न व्रतासच विचारावा लागतो.

भद्रावतीच्या भग्नावशेषांत पार्श्वनाथ प्रभूंची भव्य प्रतिमा दीर्घकाळ अरण्याच्या आश्रयाने राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी तीर्थाचा जीर्णोद्धार झाला, आणि आज तेथे मंदिर आहे, भांडार आहे, अर्थात कुलपेही आहेत. जो ठेवा अनेकांच्या श्रद्धेतून वाढतो त्याचे रक्षण अधिक काळजीने करावे लागते. म्हणूनच दानपेटी पंचांसमक्ष उघडणे, रक्कम सर्वांदेखत मोजणे, तिची नोंद त्याच दिवशी करणे आणि वर्षाअखेर हिशेब वाचून दाखविणे, या साध्या रीतींचे मोल पोलादी तिजोरीहून कमी नाही.

चंद्रपूरच्या परकोटावर काळाच्या ओघात झाडेझुडपे वाढली होती. २०१७ पासून ‘इको-प्रो’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी श्रमदानाने शेकडो दिवस खपून तो स्वच्छ केला. ज्या तटाने एकेकाळी नगराचे रक्षण केले, त्या तटाचे रक्षण करण्यास नागरिक पुढे आले. जटपुरा दरवाजातून आज अहोरात्र रहदारी चालते, आणि तो लावून घेण्याची वेळ कोणावर येत नाही.

भाषेने किल्ली सांभाळणाऱ्यास ‘विश्वस्त’ हे नाव दिले आहे. तो धनाचा स्वामी नव्हे. ज्याच्यावर विश्वास टाकला, तो विश्वस्त. कोणत्याही संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत कुलपे अनेकदा बदलतात, गंजतात, नवी येतात. किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात जातात. त्या प्रत्येक वेळी किल्लीबरोबर हिशेबाची वहीही पुढच्या हाती सोपविली गेली, तर मागील पिढीने टाकलेला विश्वास पुढील पिढीपर्यंत अखंड पोहोचतो.