उंच चालकाने मोटार निवडताना
छोट्या मोटारींना २००६ च्या अर्थसंकल्पात अबकारी करात सवलत मिळाली. चार मीटर ही त्यासाठीची मर्यादा ठरल्याने कंपन्यांनी लांबीला कात्री लावली. तरीही उंच चालकाला आखूड मोटार वर्ज्य नाही. त्याला तारते ती आसनाची उंची. १९९९ साली भारतात आलेल्या 'वॅगन आर'सारख्या 'टॉलबॉय' मोटारीत पाय खाली सुटतात, ठेंगण्या सेडानमध्ये ते पुढे पसरावे लागतात. शोरूममध्ये आसन पूर्ण मागे सरकवून क्लच तळापर्यंत दाबून पाहावा. डावा गुडघा स्टिअरिंगला वा मधल्या कन्सोलला घासत असेल, तर घाटात हाल ठरलेलेच. स्टिअरिंग पुढे-मागेही सरकणारे असावे. अन्यथा हात ताणून गाडी हाकावी लागते. मात्र एअरबॅगसाठी छातीपासून स्टिअरिंग किमान २५ सेंटिमीटर दूर हवे.