विद्यार्थी की व्यावसायिक? : भारतीय फुटबॉलमधील परदेशी महाविद्यालयीन खेळाडूंचा इतिहास

प्रस्तावना :

तेर म्हणजे प्राचीन तगर. इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या बाजारपेठेचा उल्लेख येतो. येथील कापड गाड्यांमधून भडोच बंदरात जात असे आणि तेथून समुद्रापार. वस्तूंच्या या प्रवासाचा इतिहास आपण वर्गात आवडीने शिकवितो. मात्र अंगी कौशल्य घेऊन देशोदेशी फिरणाऱ्या तरुणांच्या प्रवासाकडे, त्यातही खेळाडूंच्या प्रवासाकडे, मराठी इतिहासलेखनाचे लक्ष क्वचितच गेले आहे. शिक्षणासाठी भारतात आलेल्या आणि पुढे मोठ्या क्लबांनी उचललेल्या परदेशी फुटबॉलपटूंचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. शिक्षणसंस्था, क्लब आणि खेळाडू या तिघांपैकी या व्यवहारात कोणाच्या पदरी काय पडले, हा लेखाचा मुख्य प्रश्न होय.

अलीगढ ते कोलकाता :

१९८० साली कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबची अवस्था बिकट होती. अनेक प्रमुख खेळाडू क्लब सोडून गेले होते. अशा वेळी मजीद बिष्कर, जमशीद नसिरी आणि महमूद खाबाझी हे तीन इराणी तरुण क्लबमध्ये दाखल झाले. मजीद व जमशीद हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे विद्यार्थी होते. त्या वर्षी ईस्ट बंगालने फेडरेशन चषक मोहन बागानसह संयुक्तपणे जिंकला. मुंबईच्या कूपरेज मैदानावरील रोव्हर्स चषकातही मोहमेडन स्पोर्टिंगसह संयुक्त विजेतेपद मिळविले. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स स्पर्धा ही मुंबईच्या फुटबॉल जीवनाचा कणा होती. त्यामुळे या घटनेचा महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासाशीही थेट संबंध येतो.

हे तरुण केवळ पैशाच्या ओढीने येथे स्थिरावले असे म्हणता येणार नाही. १९७९ साली इराणमध्ये इस्लामी क्रांती झाली. सप्टेंबर १९८० मध्ये इराण-इराक युद्ध पेटले आणि मजीदचे गाव असलेले खोर्रमशहर ऑक्टोबर महिन्यात इराकी फौजांच्या हाती पडले. मैदानावर टाळ्या मिळविणाऱ्या या विद्यार्थ्याच्या घरी परतण्याच्या वाटेवर युद्ध उभे होते. क्लबने केलेली भरती आणि इतिहासाने लादलेले स्थलांतर अशा दोन्ही दृष्टींनी हे प्रकरण पाहावे लागते.

नोकरीच्या कवचाचा अभाव :

त्या काळातील भारतीय फुटबॉलची अर्थव्यवस्था समजून घेतल्याशिवाय या खेळाडूंचे स्थान कळत नाही. देशात व्यावसायिक लीग नव्हती. पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ च्या हंगामात सुरू झाली. तत्पूर्वी चांगल्या भारतीय खेळाडूला बँक, रेल्वे, सीमाशुल्क विभाग वा एखाद्या उद्योगात नोकरी मिळे. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा यांचे संघ याच पद्धतीने उभे राहिले होते. गुडघा दुखावला तरी महिन्याचा पगार चालू राहील, हा त्यामागील आधार होता.

परदेशी विद्यार्थ्याला हे कवच मिळणे दुरापास्त होते. तो शिक्षणाच्या परवान्यावर आलेला. सरकारी नोकरीचा मार्ग त्याला बंद. त्याची सारी भिस्त क्लबच्या बिदागीवर आणि पदाधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहत असे. मजीदच्या वाट्याला आलेली वाताहत या पार्श्वभूमीवर अधिक बोलकी ठरते. १९८२ च्या सुमारास तो मोहमेडन स्पोर्टिंगकडे गेला, पुढे त्याचा खेळ ढासळत गेला, हलाखीचे दिवस आले आणि अखेरीस तो मायदेशी परतला. ऑगस्ट २०१९ मध्ये ईस्ट बंगालच्या शताब्दीनिमित्त तो कोलकात्यात आला तेव्हा त्याच्या स्वागताला मोठा जमाव लोटला. लोकांनी त्याला विसरले नव्हते. प्रश्न व्यवस्थेचा होता आणि त्या व्यवस्थेत त्याच्या उत्तरायुष्याची तरतूद नव्हती.

वेगवेगळ्या वाटा :

सर्वांचीच अशी परवड झाली असे मात्र नाही. जमशीद कोलकात्यातच स्थायिक झाला. त्याचा मुलगा कियान नसिरी याने २९ जानेवारी २०२२ रोजी गोव्यातील फातोर्डा मैदानावर बदली खेळाडू म्हणून उतरून ए. टी. के. मोहन बागानसाठी तीन गोल केले, तेही वडिलांच्या जुन्या ईस्ट बंगालविरुद्ध. एका पिढीत परदेशी विद्यार्थी ते भारतीय खेळाडूचा पिता, असा हा प्रवास आहे. शिक्षणासाठीच भारतात आलेला नायजेरियाचा चिमा ओकोरी १९८५ साली मोहमेडन स्पोर्टिंगकडून खेळू लागला. नंतर त्याने ईस्ट बंगाल व मोहन बागान हे दोन्ही क्लब गाजविले आणि १९९० च्या दशकात काही काळ तो इंग्लंडमध्येही खेळला. त्याच्यानंतर भारतीय क्लबांना आफ्रिकी आघाडीवीरांची जणू सवयच लागली. कोल्हापूरच्या पेठांतील संघांनीही अलीकडच्या काळात आफ्रिकी खेळाडू मैदानात उतरविले.

उलट दिशेचे उदाहरणही लक्षणीय आहे. भारताची गोलरक्षक अदिती चौहान इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकण्यास गेली आणि २०१५ साली वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघात दाखल झाली. विद्यापीठाचे मैदान हेच येथेही प्रवेशद्वार ठरले.

अमेरिकेची तुलना :

अमेरिकेत या प्रवेशद्वाराला नियमांची चौकट आहे. तेथील मेजर लीग सॉकर १९९६ पासून महाविद्यालयीन खेळाडूंची क्रमवार निवड करीत आली आहे. इंग्लंडचा जॅक हॅरिसन हा वेक फॉरेस्ट विद्यापीठात शिकत असताना २०१६ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतला गेला. पुढे २०१८ साली मँचेस्टर सिटीने त्याला करारबद्ध केले. या पद्धतीत शिष्यवृत्ती, निवड आणि करार हे टप्पे किमान कागदावर तरी स्पष्ट असतात. पण तेथेही परदेशी विद्यार्थ्याची अडचण संपलेली नाही. २०२१ पासून अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली. विद्यार्थी व्हिसावरील परदेशी खेळाडूंना मात्र रोजगारविषयक निर्बंधांमुळे तिचा पुरता लाभ घेता येत नाही.

शिक्षणसंस्थांचा प्रश्नही विचारात घ्यावा लागतो. जागतिक फुटबॉल महासंघाने २००१ पासून खेळाडू घडविणाऱ्या क्लबांना भरपाई देण्याची पद्धत लागू केली. संघटनेशी संलग्न क्लब हा तिचा पाया आहे. विद्यापीठाच्या मैदानावर घडलेल्या खेळाडूचे श्रेय अशा हिशेबात सहसा येत नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, क्लबांना गोल मिळाले, प्रेक्षकांना आनंद मिळाला आणि खेळाडूंना प्रसिद्धी मिळाली. परंतु जे शिक्षण घेण्यासाठी हे तरुण घर सोडून आले, त्याचे काय झाले याची जबाबदारी कोणावरही नव्हती. विद्यार्थी म्हणून प्रवेश आणि कामगार म्हणून उपयोग, या दोहोंमधील फटीत त्यांचे आयुष्य अडकले.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. धाराशिव जिल्हा खो-खोचा जिल्हा आहे. येथील सारिका काळे हिला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये खो-खोचीही व्यावसायिक लीग सुरू झाली. आपल्या वर्गात हजेरीपटावर नाव असलेला खेळाडू उद्या एखाद्या संघाच्या करारावर सही करील, तेव्हा तो करार त्याला कोण समजावून सांगणार आणि त्याची राहिलेली परीक्षा कोण घेणार? विद्यापीठीय क्रीडा विभागांनी खेळाडूंच्या नोंदी जपाव्यात, कराराच्या वेळी मार्गदर्शन करावे आणि पदवी पूर्ण करण्याची सवलत नियमाने द्यावी, एवढे तरी या इतिहासातून शिकता येईल. तगरच्या बाजारातून गेलेल्या कापडाची दखल एका परक्या लेखकाने घेतली. आपल्या मैदानांवरून जाणाऱ्या तरुणांची दखल आपणच घेतली पाहिजे.