बोरघाटाचा हिशेब

वाहतुकीची उत्पादनक्षमता मोजावयाची ती कशानें? रेल्वेच्या दफ्तरांत या प्रश्नाचें उत्तर फार पूर्वींच ठरून गेलें आहे. एक टन माल एक मैल नेला, कीं एक टन-मैल झाला. पुढें मैलाच्या जागीं किलोमीटर आला, एवढाच काय तो फरक. माप सोपें खरें. पण तें पुरेसें आहे काय, याची परीक्षा बोरघाटाच्या इतिहासांत उत्तम होते.

कोंकण आणि देश यांना जोडणारा हा घाट पूर्वीं ओझ्याच्या बैलांचा मार्ग होता. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतां, १८३० सालीं, येथें गाडीरस्ता खुला झाला. पाठीवर गोण्या वाहणारा बैल गाडीला जुंपला, कीं त्याच चाऱ्यावर कितीतरी अधिक माल ओढी. क्षमता वाढते ती अशी. मात्र सह्याद्रीच्या पावसांत तो रस्ता राखण्याचा खर्च त्याबरोबरच मागें लागला.

१८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी धांवली आणि लवकरच तिला घाट चढविण्याचा उद्योग सुरू झाला. १८५६ पासून १८६३ पर्यंत तें काम चाललें. सुमारें १६ मैलांत १,८३१ फूट चढ आणि २५ बोगदे! १८६१ मध्यें तेथें ४२,००० च्या आसपास मजूर खपत होते. पटकी, ताप, सुरुंग आणि दरडी यांनीं त्यांतील हजारों माणसें नेलीं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ सालीं मरण पावला, तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें तें कंत्राट पुढें चालविलें. तिचें नांव इतिहासांत राहिलें. मजुरांचीं नांवें राहिलीं नाहींत. अमेरिकेंतील यादवीमुळें त्या वर्षांत कापसाला सोन्याचे दिवस आले होते. देशावरचा माल रुळांवरून मुंबईस उतरूं लागला आणि टन-मैलांचे आंकडे चढले. मेलेल्या मजुरांसाठीं त्या तक्त्यांत रकानाच नव्हता.

वाफेच्या इंजिनाला चढणीवर कोळसा फार लागे, आणि उतरणीवर गाडीचा सारा वेग ब्रेकांच्या घर्षणांत फुकट जाई. १८६३ नंतर सहा तपांहूनही कमी काळांत, १९२९ सालीं, पुण्यापर्यंत विजेची गाडी आली. घाटासाठीं आणलेल्या नव्या इंजिनांत एक विशेष होता: उतरतांना त्यांच्या मोटारीच वीज उत्पन्न करीत आणि ती तारेंत परत देत. एका गाडीचा उतार दुसरीच्या चढास कांहीं अंशीं उपयोगीं पडूं लागला. टन-मैल तेवढेच, पण व्यय कमी.

तथापि येथेंही हिशेब अर्धा ठेवून चालत नाहीं. रेल्वेनें कल्याणजवळ चोळा येथें उभारलेलें वीजकेंद्र कोळशावरच चाले. घाटांतील धूर गेला, म्हणून कोळसा वांचला असें ठरत नाहीं. वीजकेंद्राच्या भट्टींत दर टन-मैलास किती जळला, तेंही पाहिलें पाहिजे.

म्हणून टन-मैल हें माप टाकून द्यावयाचें नाहीं. त्याच्यासमोर खर्चाची बाजू पूर्ण मांडावयाची आहे. इंधन, मार्गाची झीज, हवेंत मिसळलेला धूर आणि माणसांचे प्राण हीं सर्व त्या बाजूस आलीं पाहिजेत. जी क्षमता एवढें सारें वजा करूनही शिल्लक राहते, तीच पुढच्या पिढीच्या हातीं देतां येते.