शनिवारवाड्याचे चित्र, साले तीन

टिपूविरुद्धच्या करारासाठी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट शनिवारवाड्यात पेशव्यांसमोर हजर झाला, ते साल १७९०. त्या दरबाराचे थॉमस डॅनियलचे प्रसिद्ध चित्र १८०५ चे, लंडनमधले. ते ज्या रेखाटनांवरून रंगवले ती जेम्स वेल्सची, आणि वेल्स पुण्यात आला १७९२ मध्ये, म्हणजे करारानंतर! १७९५ मध्ये तो आमच्या वसईच्या खाडीपलीकडे, साष्टीत वारला. मग अशा चित्रातले पोशाख कोणत्या सालचे मानायचे?

इंग्रजी गणवेश येथे साक्ष देतो. पायदळाच्या बटणांवर पलटणीचा क्रमांक आला १७६७ मध्ये. १८०० मध्ये दुमडलेल्या काठांची टोपी जाऊन उंच नळकांड्यासारखी टोपी आली. १८०८ मध्ये शिपायांची वेणी गेली. चित्रात नळकांडे दिसले, तर खाली साल काहीही लिहिलेले असो, ते १८०० च्या आधीचे नव्हे. उलट पुरावा मात्र कच्चा, कारण जुना कोट नंतरही रंगवता येतो. टिपूची मुले १७९२ मध्ये ओलीस गेली, तो प्रसंग रॉबर्ट होमने डोळ्यांनी पाहिला. मॅथर ब्राऊनने त्याच विषयाची चित्रे हिंदुस्थानात पाऊल न टाकता काढली. तसबिरी दोन्ही सुंदर, पण साक्षीदार एकच.

आमच्या वर्गातली मुले पानिपत काढतात तेव्हा एकीकडे भगवा, दुसरीकडे हिरवा. इब्राहिमखान गारदी कुठे बसवायचा? बुसीच्या हाताखाली फ्रेंच कवायत शिकलेला हा सरदार १७६१ मध्ये भाऊसाहेबांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि मारला गेला. 'गारदी' हे नावसुद्धा फ्रेंच 'गार्द'वरून आलेले. मुलांच्या रंगपेटीत त्याच्यासाठी कोणता रंग आहे?